चार्टमधला ‘एरर बार’ नक्की काय दाखवतोय? गोंधळाचे शब्द ओळखून दुरुस्त कसे करायचे

भाचीचा एमएस्सी अ‍ॅग्रीचा थिसीस चालू होता, सोयाबीनवर सात ट्रीटमेंट (तुलना करायचे सात प्रकार), तीन रेप्लिकेशन (प्रत्येक प्रकार तीन प्लॉटवर), साधं आरबीडी, म्हणजे रँडमाइज्ड ब्लॉक डिझाईन. चार्ट काढला, सातही खांबांवर आकडा किती इकडे-तिकडे होऊ शकतो ते दाखवणाऱ्या छान काड्या, म्हणजे एरर बार, आल्या, खाली लिहिलं ‘एरर बार = स्टँडर्ड एरर’. गाईडनी लाल पेनाने एवढंच विचारलं, ‘कशाचा?’ ती मला म्हणाली मामा यात विचारण्यासारखं काय आहे, एक्सेलमध्ये बटणच ते आहे. आणि तिथेच खरी गोम आहे, बटणाचं नाव बरोबर, हिशोब पण बरोबर, फक्त तो हिशोब तिला हव्या असलेल्या गोष्टीचा नव्हता.

तेव्हापासून कोणाचाही चार्ट तपासायचा असला की मी मेनूतल्या शब्दावर विश्वास ठेवत नाही, आधी आकड्यांनी खात्री करतो. ती पद्धत इथे पायरी-पायरीने लिहितोय. एक्सेल आणि लिब्रेऑफिस कॅल्क दोन्ही धरून चाललोय, गूगल शीट्सचं मध्येमध्ये येईल. मेनूंची नावं इंग्रजी उच्चारातच ठेवलीत कारण स्क्रीनवर बहुतेकांना तीच दिसतात.

पायरी १ : आठ आकडे पाठ करून ठेवा

नवीन शीट उघडा आणि एका कॉलममध्ये हे टाका: २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९. बेरीज ४०, सरासरी ५. सरासरीपासूनच्या फरकांचे वर्ग करून बेरीज केली की ३२ येते, वहीत दोन मिनिटांत होतं, करून बघाच. आता यातून काय काय निघतं बघा:

- ३२ ला ८ ने भागलं तर ४, त्याचं वर्गमूळ २. हे झालं ‘पॉप्युलेशन’ स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप, हे आठच सगळे आकडे आहेत असं धरून.
- ३२ ला ७ ने भागलं तर ४.५७, वर्गमूळ २.१४. हे ‘सॅम्पल’वालं, म्हणजे हे आठ मोठ्या गटातला नमुना आहेत असं धरून.
- २.१४ ला ८ च्या वर्गमुळाने भागलं तर ०.७६. हा स्टँडर्ड एरर, म्हणजे आकड्यांचा नाही तर सरासरीचा डळमळीतपणा.
- मिडियन (चढत्या क्रमातला मधला) ४.५, मोड (सगळ्यात जास्त वेळा आलेला) ४.

म्हणजे २, २.१४ आणि ०.७६ असे तीन वेगळे आकडे आणि तिन्हींना लोक बोलताना ‘एसडी’, ‘एरर’, ‘प्लस-मायनस’ काहीही म्हणतात. आता कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये कुठलंही बटण दाबलं की उत्तर यातलं कोणतं आलं एवढं बघायचं, मग त्या बटणावर काय लिहिलंय याला महत्त्व राहत नाही.

एक्सेलमध्ये २०१० पासून फंक्शनांची नावं जरा शहाणी झालीत, एसटीडीईव्ही.एस म्हणजे सॅम्पल आणि एसटीडीईव्ही.पी म्हणजे पॉप्युलेशन. त्याआधीचं नुसतं एसटीडीईव्ही अजून चालतं आणि ते सॅम्पलचं आहे, एसटीडीईव्हीपी हे पॉप्युलेशनचं. पिव्होट टेबलमध्ये (मोठ्या यादीचा गटवार गोषवारा काढणारं टेबल) मात्र जुनीच नावं आहेत, स्टडडेव्ह आणि स्टडडेव्हपी, शेवटच्या एका ‘पी’वर सगळा खेळ, आणि घाईत तो पी कोणाला दिसत नाही. तिथेच ‘काउंट’ आणि ‘काउंट नंबर्स’ पण एकाच यादीत बसलेत, पहिला भरलेला प्रत्येक सेल मोजतो, दुसरा फक्त आकडे. कॉलममध्ये कोणी ‘गैरहजर’ असं लिहून ठेवलं असेल तर पहिला त्यालाही हजर धरतो.

पायरी २ : एरर बारची झडती घ्या

हा भाग सावकाश वाचा, निम्मा गोंधळ इथलाच आहे.

एक्सेलमध्ये चार्टवर क्लिक करा, बाजूला अधिकचं चिन्ह येतं, त्यात एरर बार्स, मग मोअर ऑप्शन्स. पाच पर्याय दिसतील: फिक्स्ड व्हॅल्यू, पर्सेंटेज, स्टँडर्ड डेव्हिएशन, स्टँडर्ड एरर, कस्टम. लिब्रेऑफिसमध्ये चार्टवर डबल क्लिक करून इन्सर्ट मेनूत वाय एरर बार्स, तिथे कॉन्स्टंट व्हॅल्यू, पर्सेंटेज, सेल रेंज आणि शिवाय एक यादी, जिच्यात स्टँडर्ड एरर, स्टँडर्ड डेव्हिएशन, व्हेरियन्स आणि एरर मार्जिन. गूगल शीट्समध्ये तीनच, कॉन्स्टंट, पर्सेंट, स्टँडर्ड डेव्हिएशन.

आता समजा सात ट्रीटमेंटचं सरासरी उत्पादन हेक्टरी क्विंटलमध्ये १२, १४, १६, १८, २०, २२, २४ असं आहे आणि तुम्ही सात खांब काढून स्टँडर्ड एरर दाबलं. सॉफ्टवेअरला काय दिसतंय? त्याला फक्त सात आकडे दिसतायत. प्रत्येक खांबामागे तीन प्लॉट होते, त्यांत आपसात फरक होता, हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. तो बिचारा या सात आकड्यांचाच स्टँडर्ड एरर काढतो. सरासरी १८, फरकांच्या वर्गांची बेरीज ११२, भागिले ६, वर्गमूळ ४.३२, भागिले ७ चं वर्गमूळ, म्हणजे १.६३. सगळ्या खांबांवर तीच १.६३ ची काडी.

याचा अर्थ काय झाला जरा विचार करा. खत जितकं जोरात काम करेल तितका ट्रीटमेंटमधला फरक वाढेल आणि तितकी ही ‘एरर’ची काडी लांब होईल, म्हणजे प्रयोग यशस्वी झाला की चूक मोठी दिसणार! सगळ्या काड्या तंतोतंत एकाच लांबीच्या दिसल्या की कान टवकारायचे. तसं असणं नेहमीच चूक नसतं, आत्ता खाली येईलच, पण विचारायचं नक्की.

तिला हवा होता तो कृषीवाल्यांचा एस.ई.(एम), म्हणजे ट्रीटमेंटच्या सरासरीचा स्टँडर्ड एरर, जो अनोव्हाच्या (एकूण फरक ट्रीटमेंटमुळे किती आणि आपोआप किती हे वेगळं करणारी चाचणी) टेबलातून येतो. एरर मीन स्क्वेअर (त्या टेबलातला आपोआप होणाऱ्या फरकाचा आकडा) भागिले रेप्लिकेशन, आणि त्याचं वर्गमूळ. समजा एरर मीन स्क्वेअर १२ आहे, रेप्लिकेशन ३, तर १२ भागिले ३ म्हणजे ४, वर्गमूळ २. झाला एस.ई.(एम) २. हा सगळ्या ट्रीटमेंटना एकच असतो कारण तो सगळ्या प्रयोगाचा मिळून काढलेला आहे, म्हणून इथे समान काड्या चालतात. आणि सी.डी. (क्रिटिकल डिफरन्स) हा अजून तिसराच प्राणी, तो दोन ट्रीटमेंटमधल्या फरकाला लावायचा असतो, फरक याहून मोठा असेल तरच खरा धरायचा: टीची किंमत (टी-टेबलात बघायचा आकडा) गुणिले २ चं वर्गमूळ गुणिले एस.ई.(एम). सात ट्रीटमेंट तीन रेप्लिकेशनला एररचे डिग्रीज ऑफ फ्रीडम (टी-टेबलातली ओळ यावरून ठरते) (७ वजा १) गुणिले (३ वजा १) म्हणजे १२, ५ टक्क्यांना टी २.१७९, म्हणून सी.डी. ६.१६.

आता एकाच चार्टवर कोणी १.६३ ची काडी काढेल, कोणी २ ची, कोणी ६.१६ ची, आणि तिघंही खाली ‘एरर बार’ एवढंच लिहून मोकळे होतील.

दुरुस्ती अशी करायची. बरोबर आकडा आधी शीटमध्ये, सेलमध्ये काढा, चार्टला काढायला लावू नका. मग एक्सेलमध्ये कस्टम निवडून स्पेसिफाय व्हॅल्यू दाबा, दोन खिडक्या येतात, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह. त्यांत आधीपासून बरोबरचं चिन्ह आणि महिरपी कंसात १ असं लिहिलेलं असतं, ते आधी पूर्ण पुसा आणि मगच सेल निवडा, नाहीतर एक्सेल फॉर्म्युला चुकला म्हणून ओरडतं. दोन्ही खिडक्या भरा. लोक वरची भरतात आणि खालची तशीच सोडतात, मग वर २ आणि खाली १ अशी लंगडी काडी येते, अशी थिसीस छापून झाल्यावर सापडलेली पण पाहिलीय. लिब्रेऑफिसमध्ये हेच काम सेल रेंज करतं, तिथे ‘सेम व्हॅल्यू फॉर बोथ’ अशी टिक आहे ती लावली की झालं.

पर्सेंटेज या शब्दाबद्दल वेगळं सांगतो. एकाने मोठ्या आत्मविश्वासाने तिथे ५ टाकलं होतं, का तर ९५ टक्के कॉन्फिडन्स हवाय म्हणून. तो पर्याय फक्त खांबाच्या उंचीच्या ५ टक्के एवढी काडी काढतो, २०० उंचीवर १० आणि २० उंचीवर १. संख्याशास्त्राचा तिथे संबंधच नाही, मोजमापाच्या यंत्रावर ‘अचूकता उणे-अधिक ५ टक्के’ लिहिलेलं असेल तर तेव्हा वापरायचा तो. लिब्रेऑफिसमधलं ‘एरर मार्जिन’ पण असंच फसवं, सर्व्हेतलं मार्जिन ऑफ एरर वाटतं, पण ते सिरीजमधल्या सगळ्यात मोठ्या आकड्याचे अमुक टक्के घेऊन सगळीकडे तेवढीच काडी काढतं.

आणि तिथली व्हेरियन्सची काडी तर कृपा करून कोणी काढू नका. व्हेरियन्सचं एकक वर्गात असतं, क्विंटलच्या अक्षावर क्विंटलचा वर्ग कसा मोजणार.

सॉफ्टवेअर ८ ने भागतंय का ७ ने हे बघायचं असेल तर पायरी १ चे आठ आकडे सिरीज म्हणून काढा, स्टँडर्ड डेव्हिएशनची काडी लावा, काडीच्या वरच्या आणि खालच्या टोकाची किंमत वाचा, फरकाचा अर्धा घ्या. ग्रिडलाईन बारीक करून पण अंदाज येत नसेल तर त्याच चार्टची कॉपी करून तिच्यात २.१४ ची कस्टम काडी लावा आणि दोन्ही चार्ट एकाखाली एक ठेवून काड्यांची लांबी जुळते का बघा. एक्सेलमध्ये स्टँडर्ड डेव्हिएशनच्या पर्यायाला आधीपासून ‘१’ असा गुणक असतो, तो कोणी २ केला असेल तर लांबी दुप्पट होते, हे पण त्याच वेळी तपासा.

पायरी ३ : ‘लाईन’ आणि ‘स्कॅटर’

हे संख्याशास्त्राचे शब्द नव्हेत, पण घोटाळा पक्का संख्याशास्त्राचा होतो. लाईन चार्टमध्ये खालचा अक्ष कॅटेगरीचा असतो, तिथे लिहिलेलं काहीही नुसतं लेबल, एकसारख्या अंतरावर मांडलेलं. स्कॅटरमध्ये तो खरा आकडा असतो.

करून बघा, एक्स १, २, ५, १० आणि वाय १०, २०, ५०, १००. सरळ दहाचा पाढा. स्कॅटर काढून लिनियर ट्रेंडलाईन (ठिपक्यांतून जाणारी सगळ्यात जवळची सरळ रेषा) लावली की समीकरण येतं वाय बरोबर १० एक्स, आर स्क्वेअर (रेषा ठिपक्यांना किती बसते त्याचं ० ते १ मधलं माप) १. तेच आकडे लाईन चार्टमध्ये टाकले तर ट्रेंडलाईन एक्सला १, २, ३, ४ धरते, आणि समीकरण येतं वाय बरोबर ३० एक्स वजा ३०, आर स्क्वेअर ०.९२. खरी मजा त्या ०.९२ मध्ये आहे. तो जर ०.२ आला असता तर कोणीतरी थांबून विचार केला असता, ०.९२ बघून सगळे खूष होतात आणि तीनपट चुकीचा उतार रिपोर्टमध्ये जातो. औषधाचा डोस, खताची मात्रा, मध्ये वर्षं गाळलेली जनगणना, काहीही असमान अंतराचं असेल तर स्कॅटरच घ्या, स्कॅटरमध्ये ठिपके रेषेने जोडता येतात, ‘पण मला रेषा हवी होती’ ही सबब चालत नाही.

आर स्क्वेअर निघालाच आहे तर, तो ‘कोरिलेशन’ (सहसंबंध, दोन गोष्टी किती एकत्र वाढतात-घटतात त्याचं माप) नव्हे. कोरिलेशन ०.८ असेल तर आर स्क्वेअर ०.६४. चार्टवर आर स्क्वेअर छापून मजकुरात ‘सहसंबंध ०.६४’ लिहिलेलं मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्रास पण होत नाही. शिवाय उतार खाली जाणारा असेल तर कोरिलेशन ऋण असतं, वर्ग केल्यावर ते ऋण चिन्ह गायब.

मूव्हिंग अ‍ॅव्हरेज (सरकती सरासरी) हा पण ट्रेंडलाईनच्या यादीत बसवलाय. एक्सेलचा तीन महिन्यांचा मूव्हिंग अ‍ॅव्हरेज म्हणजे चालू महिना आणि आधीचे दोन, म्हणजे मागे बघणारा. महिन्यावार पावसाला लावला तर जुलैचा शिखर बिंदू पुढे सरकल्यासारखा दिसतो, पाऊस सरकलेला नसतो, रेषा सरकलेली असते. लिब्रेऑफिसच्या नव्या आवृत्त्यांत प्रायर आणि सेंट्रल असा पर्याय मिळतो. एक्सेलमध्ये मधला हवा असेल तर शेजारच्या कॉलममध्ये स्वतः काढा आणि वेगळी सिरीज म्हणून टाका, सोपं आहे.

पायरी ४ : बॉक्स प्लॉटचे चतुर्थक

बॉक्स प्लॉटमध्ये आकडे चढत्या क्रमाने लावून चार सारखे भाग करतात, त्या भागांच्या सीमा म्हणजे चतुर्थक, आणि पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत पेटी काढतात. एक्सेल २०१६ मध्ये हा चार्ट ‘बॉक्स अँड व्हिस्कर’ नावाने आला तेव्हा मला आनंद झाला होता, मग ‘इनक्लुझिव्ह मिडियन’ आणि ‘एक्सक्लुझिव्ह मिडियन’ हे दोन गोल दिसले. आधीपासून एक्सक्लुझिव्ह निवडलेलं असतं.

आपलेच आठ आकडे घ्या. क्वार्टाईल.इन्क ने तिसरा चतुर्थक ५.५ येतो, क्वार्टाईल.एक्स ने ६.५. पहिला दोन्हीकडे ४. आता आउटलायरचा (बाकीच्यांपासून फार लांब पडलेल्या आकड्याचा) नियम लावा, पेटीच्या वरच्या कडेपासून पेटीच्या उंचीच्या दीडपट वर. पहिल्या रीतीने पेटी १.५ ची, तिची दीडपट २.२५, सीमा ७.७५, म्हणजे ९ हा आकडा आउटलायर म्हणून वेगळा ठिपका. दुसऱ्या रीतीने पेटी २.५ ची, दीडपट ३.७५, सीमा १०.२५, आणि तोच ९ काडीच्या आत, निमूट. डेटा तोच, नियम तोच, एकीकडे ‘संशयास्पद नोंद’ आणि दुसरीकडे काहीच नाही. दोन्ही रीती मान्य आहेत, म्हणून कुठली चूक असं म्हणता येत नाही, पण कुठली वापरली ते चार्टखाली लिहिलं पाहिजे आणि एकाच रिपोर्टमध्ये दोन वापरता कामा नयेत. टेबल इन्कने आणि चार्ट एक्सने, हे हमखास होतं, कारण जुन्या सवयीने लोक नुसतं क्वार्टाईल लिहितात आणि ते इन्कसारखं चालतं.

पेटीतली रेघ मिडियन असते आणि फुलीची खूण मीन, हे पण एकदा खाली लिहा, वाचणाऱ्यावर उपकार होतील.

पायरी ५ : तयार टेबलातली फसवी नावं

एक्सेलच्या डेटा अ‍ॅनालिसिस टूलपॅकमध्ये डिस्क्रिप्टिव्ह स्टॅटिस्टिक्स काढलं आणि कॉन्फिडन्सची टिक लावली की शेवटच्या ओळीत येतं ‘कॉन्फिडन्स लेव्हल ९५.० टक्के’ आणि समोर एक आकडा. आपल्या आठ आकड्यांना तिथे १.७९ येईल. लेव्हल तर ९५ टक्के, मग हे १.७९ काय? तो आहे सरासरीच्या दोन्ही बाजूंचा पल्ला, म्हणजे ०.७६ गुणिले टीची किंमत २.३६. कॉन्फिडन्स इंटरव्हल झाला ३.२१ ते ६.७९. हे नाव बदलून ‘९५ टक्के विश्वास-पल्ला, अधिक-उणे’ असं करा आणि मगच चार्टला जोडा. याच टेबलात कर्टोसिस (वितरणाची शेपटं किती जाड आहेत त्याचं माप) म्हणून येतं ते ३ वजा केलेलं असतं, नॉर्मल वितरणाला ३ नाही तर शून्याच्या आसपास.

रिग्रेशनच्या (ठिपक्यांना रेषा बसवण्याच्या) टेबलात ‘स्टँडर्ड एरर’ दोनदा येतो. वरचा, मल्टिपल आरच्या खाली, तो ठिपके रेषेपासून किती लांब पसरलेत त्याचा, आणि खालच्या टेबलातला प्रत्येक गुणकाचा. एक वायच्या एककात, दुसरा उताराच्या. ‘सिग्निफिकन्स एफ’ हा एफ नसून एफ चाचणीची पी-व्हॅल्यू (खरा परिणाम नसताना इतका मोठा आकडा निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता) आहे, एफ त्याच्या शेजारच्या कॉलममध्ये.

पायरी ६ : मराठीत लिहिताना

मराठीत चार्ट करणाऱ्यांची अजून एक पंचाईत. दहावीच्या बालभारतीच्या पुस्तकात मीन म्हणजे मध्य, मिडियन म्हणजे मध्यक, मोड म्हणजे बहुलक. मध्य आणि मध्यक यांत एका ‘क’चा फरक, आणि तो क टायपिंगमध्ये उडाला की सरासरीचा मिडियन झाला किंवा उलट. माझं मत विचाराल तर लोकांसाठीच्या चार्टवर मीनला सरळ ‘सरासरी’ लिहा आणि मध्यक तसाच ठेवा. शाळेच्या प्रोजेक्टमध्ये मात्र पुस्तकातलाच शब्द हवा, नाहीतर मार्क जातात. तसंच स्तंभालेख आणि आयतालेख एक नव्हेत, आयतालेख म्हणजे हिस्टोग्राम, त्याचे खांब चिकटलेले असतात कारण खालचा अक्ष सलग असतो. एक्सेलचा हिस्टोग्राम खाली गोल आणि चौकोनी कंसांचं चिन्ह दाखवतो, गोल कंस म्हणजे तो आकडा या गटात नाही, चौकोनी म्हणजे आहे. आपल्या शाळेच्या वर्गांतरात १०-२० मध्ये २० धरत नाहीत, एक्सेल धरतो. म्हणून हाताने काढलेलं वारंवारता टेबल आणि चार्ट जुळत नाहीत आणि पोरं रडकुंडीला येतात.

स्टँडर्ड एररला ‘प्रमाण चूक’ म्हणू नका, वाचणाऱ्याला वाटतं मोजताना कोणीतरी चुकलं. ‘प्रमाण त्रुटी’ हा शब्द रुळलेला आहे. स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे प्रमाण विचलन. एकाच रिपोर्टमध्ये विचलन, विचरण, प्रचरण हे तिन्ही फिरवू नका. आणि टक्के, पर्सेंटाईल, टक्केबिंदू वेगळे ठेवा: सीईटीचे ९० पर्सेंटाईल म्हणजे ९० टक्के मार्क नव्हेत, आणि ४० वरून ५० टक्क्यांवर गेलं तर वाढ १० टक्केबिंदू, टक्क्यांत ती २५ टक्के होते.

चार्टखालची ओळ मी अशी लिहून दिली होती, हवी तर उचला: ‘खांब = तीन पुनरावृत्तींची सरासरी; काडी = अधिक-उणे एस.ई.(एम), अनोव्हातून, २.०, सी.डी. ५ टक्के स्तरावर ६.१६.’ किती नमुने, काडी कशाची, कुठून आली, तिन्ही गोष्टी आल्या पाहिजेत.

पायरी ७ : सॉफ्टवेअरमधलाच शब्द दुरुस्त करायचा असेल तर

लिब्रेऑफिसमध्ये हे खरंच करता येतं. मराठी भाषांतर चुकलेलं वाटलं तर डॉक्युमेंट फाउंडेशनच्या वेबलेट या भाषांतराच्या साईटवर खातं काढा, मराठी निवडा, चार्टचे शब्द ‘चार्ट२’ नावाच्या विभागात असतात, तिथे मूळ इंग्रजी ओळ शोधा आणि सजेस्ट दाबून तुमचा शब्द सुचवा. शब्द बदलण्याआधी तो दुसरीकडे कुठे आलाय ते शोधा, कारण हाच स्टँडर्ड डेव्हिएशन कॅल्कच्या फंक्शनांच्या मदतीतही येतो, एका ठिकाणी बदलला आणि दुसरीकडे जुना राहिला तर आपणच नवीन गोंधळ घातला.

मूळ इंग्रजी शब्दच फसवा असेल तर भाषांतरात त्याला ठिगळ लावू नका, बगझिलावर (लिब्रेऑफिसच्या चुका नोंदवायची साईट) तक्रार टाका, कॉम्पोनंट ‘चार्ट’ निवडायचा. तिथे ‘शब्द गोंधळाचा आहे’ एवढंच लिहिलं तर चर्चा सहा महिने चालेल. आठ आकड्यांची फाईल जोडा, कुठलं बटण दाबलं, काय आलं आणि नावावरून काय अपेक्षित होतं ते लिहा, हेल्प मेनूत अबाउटमधला आवृत्तीचा नंबर द्या. एक्सेलवाल्यांना हेल्पमधल्या फीडबॅकवर लिहिता येतं, तिथेही हीच फाईल. बदल झालाच तर तो पुढच्या आवृत्तीत दिसेल, तोपर्यंत कस्टम काडी आणि खालची ओळ यावरच भागवायचं. भाचीने तेच केलं, गाईडनी दुसऱ्या वेळी त्या चार्टवर काही लिहिलं नाही, पुढच्या पानावरच्या पाय चार्टवर मात्र लिहिलं, ‘बेरीज १०१ टक्के कशी?’